‘कॉमन’ कुणाचे?

‘कॉमन’ हा शब्द मराठीने केव्हाच आपला करून टाकला आहे. चाळीत कॉमन संडास असतो, सोसायटीत कॉमन पॅसेज असतो आणि सगळा वर्ग मिळून तासाला दांडी मारतो त्याला कॉलेजात कॉमन ऑफ म्हणतात. ‘हल्ली हे कॉमन झालंय’ असे आपण मधुमेहाबद्दल म्हणतो आणि घटस्फोटाबद्दलही. एवढेही ज्याला समजत नाही त्याला कॉमन सेन्स नसतो. ज्याला कुणी विचारत नाही तो कॉमन मॅन. या सगळ्या बोलण्यात दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. अनेकांचे मिळून असलेले, हा एक. सर्रास आढळणारे आणि म्हणून फारशी किंमत नसलेले, हा दुसरा. दुसऱ्याने पहिल्यावर कशी मात केली ते पाहायला जिन्यापर्यंत गेले तरी पुरते. घरातला बल्ब गेला तर तासाभरात बदलला जातो. जिन्यातला गेला तर आठवडाभर लोक भिंत चाचपत चढतात. जिना सगळ्यांचा आहे, म्हणजे माझा नाही, असा हिशेब मनात कुठेतरी पक्का झालेला असतो.

या शब्दाच्या मुळाशी याहून जुना, तिसरा अर्थ होता आणि तोच आज कुणाच्या कानावर येत नाही. आपण हा शब्द इंग्रजांकडून घेतला तेव्हा तो अर्थ त्यांच्याकडेही विरत आला होता. भाषेची एक गंमत म्हणून मी हे सांगत नाही. त्या हरवलेल्या अर्थाची किंमत जमिनीत, पाण्यात आणि माणसांच्या मानात मोजावी लागली आहे, आपल्याकडे तर आजही लागते आहे.

‘कॉमन’चे मूळ लॅटिनमधल्या ‘कॉम्युनिस’ या विशेषणात आहे. त्यातला ‘कॉम’ म्हणजे सह, मिळून. उरलेला भाग ‘मूनुस’ या नामाशी नाते सांगतो. रोमन माणसाच्या तोंडी ‘मूनुस’ म्हणजे नेमून दिलेले काम, पद, कर्तव्य, सार्वजनिक कामाचा अंगावर आलेला बोजा, भेट, आणि श्रीमंताने लोकांसाठी स्वखर्चाने भरवलेले ग्लॅडिएटरांचे खेळसुद्धा. हे सारे अर्थ विस्कळीत वाटतात, पण मराठी वाचकाला त्यांतला धागा चटकन सापडावा. आपण ‘देवाचे देणे’ म्हणतो आणि ‘सावकाराचे देणे’ही म्हणतो. जे दिले जाते आणि जे देणे लागते, ते दोन्ही एकाच शब्दात बसते. ‘मूनुस’ म्हणजे या अर्थाने देणे. ते ज्यांनी मिळून अंगावर घेतले आहे, ते ‘कॉम्युनिस’. आपल्या वाट्याला काय येईल हा विचार या शब्दात नंतर येतो. आपल्या वाट्याचे काय द्यायचे आहे, हा आधी.

या घराण्याची माणसे रोजच्या बोलण्यात आपल्याला भेटतात, पण त्यांचे नाते लक्षात येत नाही. जुन्या पिढीची ‘मुन्शिपाल्टी’ ही त्यांतली थोरली. रोमच्या सत्तेतल्या ज्या नगरांतले लोक आपली ‘मूनेरा’, म्हणजे कर्तव्ये, स्वतः उचलत, त्या नगराला ‘म्युनिसिपियम’ म्हणत. आज नगरपालिका म्हटले की तिने आपल्यासाठी काय केले नाही याची यादी डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दात नागरिकाने उचललेला भार आहे. ‘रेम्युनरेशन’ म्हणजे त्या कामाची परतफेड. ‘कम्युनिकेशन’ म्हणजे एकाजवळचे सर्वांचे करणे. ‘कम्युनिझम’ला मराठीने ‘साम्यवाद’ म्हटले, त्यात ‘मिळून’पेक्षा ‘सारखे’ वरचढ ठरले, आणि त्यामुळे आपली पुष्कळशी चर्चा वाटे समान पडले की नाहीत यावरच अडली असे मला वाटते. याच कुळातला ‘इम्यून’ हा शब्द मात्र सध्या बाजूला ठेवतो. त्याच्याकडे स्वतंत्रपणे वळावे लागेल.

शब्दाची घसरण कशी झाली हे समजायला जर्मन आणि इंग्रजी शेजारी ठेवून पाहावीत. लॅटिन ‘कॉम्युनिस’चा एक सख्खा चुलत शब्द जर्मन कुळातल्या भाषांत होता. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘गेमाने’ असे होते. अर्थ तोच, सर्वांचे मिळून. आजच्या इंग्रजीत त्याचे जे उरले आहे ते ‘मीन’ हे विशेषण: हलकट, कंजूष, कोत्या मनाचा. जर्मनमध्ये ‘गेमाइंड’ म्हणजे गावाचे स्थानिक शासन, आपल्या ग्रामपंचायतीसारखे, आणि ‘गेमाइन’ म्हणजे पुन्हा नीच, दुष्ट. ‘कॉमन’चेही तेच झाले. ‘ती जरा कॉमन आहे’ असे इंग्लंडमधल्या वरच्या वर्गातली बाई दुसरीबद्दल म्हणते तेव्हा ती शिवीच असते. एकाच अर्थाचे दोन वेगळे शब्द, दोन्ही त्याच उतारावरून गेले: सगळ्यांचे, मग नेहमीचे, मग हलके, मग नीच. शेक्सपिअरने हा उतार नेमका हेरला होता. हॅम्लेटची आई त्याची समजूत घालते की मरण ‘कॉमन’ आहे, ते सगळ्यांनाच असते. तिचाच ‘कॉमन’ तो उचलून तिच्या पदरात परत टाकतो आणि ऐकणाऱ्याला त्यात तिच्या वागण्याच्या हलकेपणावरचा घावही ऐकू येतो.

हा उतार एकट्या इंग्रजीचा नाही. संस्कृतात ‘ग्राम्य’ म्हणजे गावचा आणि ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्यही. ‘प्राकृत’ म्हणजे सर्व लोकांच्या तोंडची भाषा आणि ‘प्राकृत’ म्हणजे अडाणी. ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये गीतेवरचे भाष्य त्याच प्राकृतात केले, एकनाथांना त्याच प्राकृताची बाजू काशीच्या पंडितांपुढे मांडावी लागली. ही परंपरा पाठीशी असलेल्या भाषेने तरी ‘सर्वांचे ते हलके’ हे समीकरण विचार न करता उसने घ्यायला नको होते.

आता जमिनीकडे वळतो, कारण इंग्रजीत ‘कॉमन’ हे नामही आहे आणि त्या नामाचा अर्थ जमीन असा होतो. लंडनमधले क्लॅपम कॉमन, विम्बल्डन कॉमन किंवा बॉस्टन शहरातले १६३४पासूनचे कॉमन या त्याच्या आजच्या खुणा. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या कॉमनबद्दल आपला समज असा की ती मोकळी, बेवारस, कुणीही यावे आणि चरावे अशी जमीन असेल. तशी ती जवळजवळ कधीच नव्हती. तिचा मालक सहसा जमीनदार असे. त्या जमिनीवर गावातल्या ठरावीक लोकांचे ठरावीक हक्क असत: गुरे चारण्याचा, जळणाला आणि घर-कुंपण दुरुस्तीला पुरेल एवढे लाकूड नेण्याचा, जळणासाठी पीट ही दलदलीतली जळाऊ माती कापण्याचा, शरद ऋतूत ओकची फळे खायला डुकरे रानात सोडण्याचा. १२१५च्या मॅग्ना कार्टाचा आपल्या शाळेच्या पुस्तकांत उल्लेख असतो. दोन वर्षांनी, १२१७मध्ये आलेल्या वनसनदेचा नसतो, आणि सामान्य माणसाच्या चुलीशी जास्त संबंध त्या दुसऱ्या सनदेचा होता. असा हक्क ज्याला होता तो ‘कॉमनर’. किरकोळ माणूस असा त्या शब्दाचा अर्थ नव्हता. तो हक्कदार होता.

हक्काबरोबर मर्यादाही होती. इंग्लंडच्या कायद्यात एक जुना नियम होता की हिवाळ्यात आपल्या स्वतःच्या शेतातल्या चाऱ्यावर जितकी जनावरे जगवता येतील, तितकीच उन्हाळ्यात कॉमनवर सोडायची. स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या ट्योर्बेल या गावाने हाच नियम १५१७मध्ये लेखी करून ठेवला. बाहेरून गुरे विकत आणून गावाच्या कुरणावर पोसायची आणि विकून पैसा करायचा, ही वाट त्या एका ओळीने बंद झाली. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये ही व्यवस्था आजही चालू आहे. तिथे कॉमनरांची तट्टे मोकळी चरत असतात आणि दरवर्षी प्रत्येक तट्टाच्या शेपटीचे केस विशिष्ट पद्धतीने कापले जातात. ते कापणाऱ्या माणसाला ‘अजिस्टर’ म्हणतात. शेपटी कापलेली असेल तर मालकाने वर्षाची फी भरली आहे, आणि कापण्याची तऱ्हा पाहून ते तट्टू कुठल्या अजिस्टरच्या हद्दीतले हेही कळते. लिंडहर्स्ट या गावात त्यांचे वेगळे न्यायालय भरते. सामाईक म्हणजे काय हे मला एखाद्या व्याख्येपेक्षा त्या कापलेल्या शेपटीत जास्त स्पष्ट दिसते. जनावर खाजगी, गवत सामाईक, आणि या दोघांमधला व्यवहार रानात कुणालाही उघड वाचता येईल असा.

हे सगळे बहुतांशी संपले ते कुंपणांनी. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने ५,२००हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घालू दिले. इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाचा हा पाचवा भाग झाला. कागदोपत्री हक्क असलेल्यांना बदल्यात तुकडे मिळाले. पण त्या तुकड्यालाही स्वखर्चाने कुंपण घालायची अट असे आणि तो खर्च न पेलल्याने अनेकांनी ते विकून टाकले. ज्यांचा हक्क नुसत्या वहिवाटीचा होता, त्यांना काहीच मिळाले नाही. जॉन क्लेअर या शेतमजूर कवीच्या हेल्प्स्टन गावासाठी असा कायदा १८०९मध्ये झाला. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. लहानपणी हिंडलेल्या माळावर कुंपणे आणि मनाईच्या पाट्या आलेल्या त्याने पाहिल्या आणि त्याच्या कवितेत ती जखम शेवटपर्यंत राहिली. आर्थर यंग हा त्या काळचा मोठा शेतीतज्ज्ञ कुंपणांचा जोरदार पुरस्कर्ता होता. १८०१पर्यंत त्याचे मत पालटले, आणि बहुतेक कुंपण-कायद्यांनी गरिबांचे नुकसानच केले असे त्याने छापून सांगितले. तोवर गाडी बरीच पुढे गेली होती.

इथे एक सोपे स्पष्टीकरण मोहात पाडते: जमीन गेली म्हणून शब्द स्वस्त झाला. ते खरे नाही. ‘कॉमन’ला किरकोळ, हलके अशी छटा कुंपणांच्या लाटेच्या कितीतरी आधी, मध्ययुगातच चिकटलेली होती. मला उलट क्रम जास्त पटतो. शब्दाची पत आधी उतरली आणि त्या उतरलेल्या पतीने जमीन काढून घेणे सोपे केले. कुंपणवाद्यांची भाषा पाहा. कॉमनवर जगणारे लोक आळशी, त्यांना मजुरीला यायला नको, एखाद-दुसऱ्या गाईच्या आणि चार हंसांच्या जोरावर ते माजलेले. जमीन तर ‘वेस्ट’, वाया गेलेली. जे सर्वांचे ते हलके, जे हलके ते वाया गेलेले, आणि जे वाया गेलेले ते एखाद्या कर्त्या माणसाच्या नावावर करणे हे पुण्यकर्म, अशी ही साखळी आहे.

तो ‘वेस्ट’ हा शब्द जहाजातून आपल्याकडेही आला. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती इंग्रजांच्या महसुली दप्तरात वाया गेलेली ठरली; तिच्यावर कुणाची शेळी जगते, कुणाची चूल पेटते याला दप्तरात रकाना नव्हता. १८७८च्या वन कायद्यानंतर रानेही सरकारजमा होऊ लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याची तक्रार थेट आणि संतापाने नोंदवली आहे: जंगलखात्याने डोंगरदऱ्या आणि गायराने गिळली, गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यांना पाऊल टाकायला जागा ठेवली नाही. इंग्लंडमधल्या कुंपणांची आणि इथल्या जंगलखात्याची गोष्ट एकच आहे हे त्यांच्या परिच्छेदांतून लख्ख दिसते. स्वतंत्र भारतातही कुरणे आणि माळरानांचा मोठा भाग सरकारी ‘वेस्टलँड अ‍ॅटलस’मध्ये मोजला जातो. माळढोक आणि लांडगा जिथे जगतात, धनगरांचे वाडे जिथून जातात, त्या जमिनीला आपण अजून ‘वाया’च म्हणतो.

विसाव्या शतकात या गैरसमजाला शास्त्राचा शिक्का मिळाला. गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने डिसेंबर १९६८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘कॉमनची शोकांतिका’ सांगणारा लेख लिहिला. सर्वांना मोकळे असलेले कुरण घ्या, तो म्हणाला. प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर आणेल, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरण उजाड. लेखाचा खरा विषय लोकसंख्या होता आणि कुरणाचा दाखला विल्यम फॉर्स्टर लॉइडच्या १८३३च्या व्याख्यानांतला होता, पण जगभर गाजला तो दाखलाच. तर्क बिनचूक आहे. फक्त हार्डिनच्या कुरणावर ट्योर्बेलची ती एक ओळ नाही, अजिस्टरची कात्री नाही, एकमेकांशी बोलणारे गुराखी नाहीत. ज्याला तो कॉमन म्हणत होता ते खरे पाहता बेवारस होते. पुढे त्यानेच दुरुस्ती केली की आपल्याला ‘व्यवस्था नसलेले कॉमन’ म्हणायचे होते. दुरुस्ती कुणी वाचली नाही. मथळा मात्र सरकारांनी, बँकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी तोंडपाठ केला, आणि जे सामाईक आहे ते एक तर खाजगी करा नाहीतर सरकारी करा, तिसरा मार्ग नाही, असा त्याचा अर्थ लावला.

एलिनॉर ऑस्ट्रॉमने तिसरा मार्ग कल्पनेने शोधला नाही. तो चालत असलेला तिने दाखवला. तिच्या १९९०च्या ग्रंथात स्वित्झर्लंडची कुरणे आहेत, जपानमधली गावराने आहेत, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाटपाणी आहे. तिथे पाण्याचे तंटे दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दारात, कागदपत्रांशिवाय, तोंडी मिटवले जातात आणि ही प्रथा कित्येक शतकांची आहे. २००९मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. खानदेश-बागलाणातल्या शेतकऱ्याला तिचे म्हणणे नवे वाटले नसते. पांझरा आणि मोसम नदीकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले असे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे ते मिळून ठरवायचे. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या पिके राखायचा आणि त्यांचा मोबदला शेतकरी देत. पाटाची साफसफाई ही सर्वांच्या अंगावरची कामगिरी. रोमन माणसाने याला ‘मूनुस’ म्हटले असते.

पुन्हा शब्दाकडे येतो. ब्रिटिश संसदेच्या ‘हाउस ऑफ कॉमन्स’बद्दल एवढेच की अनेक इतिहासकारांच्या मते त्या नावात सामान्य जनांपेक्षा परगणे आणि नगरे यांचे ‘कम्यून’, म्हणजे संघटित समुदाय, अभिप्रेत होते. आणि ‘कॉमनवेल्थ’मधला ‘वेल्थ’ म्हणजे पैसा नव्हे, कल्याण. मराठीने त्याचे ‘राष्ट्रकुल’ केले आणि सर्वांचे भले हा त्यातला गाभा सोडून दिला.

आता बाजूला ठेवलेला ‘इम्यून’. ‘मूनुस’ला नकार लावला की ‘इम्यूनिस’ होते, म्हणजे ज्याला देणे माफ आहे तो. रोमन सैन्यात खंदक खणणे, पहारा देणे अशा कष्टाच्या कामांतून सूट मिळालेल्या कसबी सैनिकांना हेच नाव होते. वैद्यकातला अर्थ खूप नंतर आला. इटालियन तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो याने ‘कॉम्युनिस’ आणि ‘इम्यूनिस’ या जोडीवरच आपली मांडणी उभी केली आहे आणि तिचा मला पुण्या-मुंबईकडे पाहताना फार उपयोग होतो. आपल्याला वाटते, ‘कॉमन’च्या विरुद्ध ‘स्पेशल’. खरा विरुद्ध शब्द ‘इम्यून’ आहे: सूट मिळालेला. गेल्या काही दशकांत आपल्या मध्यमवर्गाने मिळवलेल्या बहुतेक गोष्टी म्हणजे अशी सूटच आहे. नळाचे पाणी खराब, तर घरात फिल्टर. वीज जाते, तर इन्व्हर्टर. पालिकेची शाळा ढासळली, तर खाजगी शाळा. बस वेळेवर येत नाही, तर दुचाकी. एकेकट्या घराला यात दोष देता येत नाही. मूल आजारी पडत असेल तर आईबापांनी फिल्टर घ्यायलाच हवा. पण अशी सूट विकत घेणारा प्रत्येक माणूस नळ, दिवा, शाळा आणि बस यांच्यासाठी भांडणाऱ्यांतून एकाने कमी होतो. ज्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचतो तेच आधी बाहेर पडतात. मागे राहतात ते ज्यांना सूट परवडत नाही, आणि मग तो नळ, ती शाळा, ती बस दुसऱ्या अर्थाने ‘कॉमन’ होते.

इथवरचे वाचून कुणी म्हणेल की जुन्या गावगाड्याचे गोडवे चालले आहेत. तसे वाटू नये म्हणून या शब्दाची सर्वांत कठीण परीक्षा जिथे झाली तिथे जायला हवे. ते ठिकाण इंग्लंडात नाही, रायगड जिल्ह्यात आहे.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते. १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४मध्ये महाडच्या नगरपालिकेने स्वतःचा तसा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. तळ्यावर कुणाही सवर्णाची गुरे जात होती, मुसलमान आणि ख्रिस्ती जात होते. महार जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. परतणाऱ्यांना मारहाण झाली, पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस विरोधकांनी कोर्टात दावा लावला आणि त्यात त्यांनी काय म्हटले ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी म्हटले, तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. ज्या सामाईकात दुसऱ्याला जागा द्यावी लागणार, ते सामाईकच नको. अमेरिकेच्या दक्षिणेत १९५०-६०च्या दशकांत हेच घडले: काळ्या नागरिकांना सार्वजनिक पोहण्याच्या तलावांत प्रवेश द्यायची वेळ आली तेव्हा काही शहरांनी तलावच बंद केले. महाडचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७मध्ये आंबेडकरांच्या बाजूने दिला. पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

म्हणून ‘समुदाय’ या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. त्याच्याच कुळातला ‘एक्सकम्युनिकेशन’ म्हणजे वाळीत टाकणे. त्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९मध्ये कायदा केला, १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा नवा कायदा करावा लागला. ज्या समाजात अशा कायद्याची गरज पडते तिथे ‘आपण सगळे’ म्हणताना कोण वगळले जाते आहे हे दर वेळी विचारलेच पाहिजे. गोव्याचेच पाहा. तिथे पोर्तुगीजांनी जुन्या ‘गावकरी’ व्यवस्थेला ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले. हा शब्दही थेट ‘कॉम्युनिस’चा वंशज आहे. खाडीकाठच्या खाजन जमिनीचे बांध राखणे, खाऱ्या पाण्याला अडवणारी ‘मानस’ नावाची दारे सांभाळणे, देवळाचा खर्च भागवणे हे आधी. उरेल ते गावकारांना ‘जण’ म्हणून वाटायचे, ही कर्तव्याला पहिला मान देणारी रीत मला मूळ शब्दाशी फार इमानी वाटते. पण गावकार म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष. बायका त्यात नव्हत्या आणि त्या बांधांवर चिखल वाहणारे मजूरही नव्हते. भार सर्वांवर आणि वाटा काहींना, हे ‘कॉमन’ नाही, मग त्याला कितीही जुनी सनद असो. याच्या उलट, १८६८मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तेव्हा खाजगी मालकीच्या पाण्याला त्यांनी महाडच्या सार्वजनिक तळ्यापेक्षा जास्त सार्वजनिक केले.

आजच्या गायरानांचा प्रश्न या दोन्ही बाजू धरूनच पाहावा लागतो. गायरानाची मालकी सरकारची आणि वापर गावाचा, म्हणजे रचना जुन्या इंग्लिश कॉमनसारखीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा असे सर्व राज्यांना सांगितले. त्यातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला. तो अपवाद महत्त्वाचा आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९मध्ये आणि पुन्हा १९६४मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक सरकारी जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून. ज्यांना गावाच्या सामाईकात कधी घेतलेच नाही, त्यांनी गायरानाचा एक तुकडा पोटासाठी नांगरला तर त्याला आणि रिसॉर्टचे कुंपण पुढे सरकवणाऱ्याला एकाच नोटिशीत बसवणे अन्याय आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची संमती होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते. स्त्रिया त्या सभेत असतात. बांबू कापायचा किती, विकायचा कुणाला, हे गाव ठरवते, आणि जंगलाची राखणही गावच करते. हार्डिनच्या तर्काप्रमाणे ते जंगल केव्हाच उजाड व्हायला हवे होते. ते उभे आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावच्या गायरानाचा गट नंबर आणि क्षेत्र तलाठ्याच्या दप्तरात असते, अतिक्रमणांची वेगळी नोंदवही असते, आणि सातबारा आता ऑनलाइन निघतो. गायरान पूर्वी किती होते, आज किती उरले, कुणाकडे गेले आणि कोणत्या ठरावाने गेले, हे येत्या ग्रामसभेत विचारा. शहरात राहत असाल तर हाच प्रश्न आपल्या वॉर्डातल्या खेळाच्या मैदानाबद्दल विचारा. उत्तर लेखी मागा.